पॅसिफिक क्लिपरच्या मागावर: सिम्युलेटरमधली जगप्रदक्षिणा

न्यूझीलंडच्या घड्याळात ८ डिसेंबर १९४१ ची सकाळ उजाडली, तेव्हा पॅन अमेरिकन एअरवेजची ‘पॅसिफिक क्लिपर’ ही बोइंग ३१४ जातीची फ्लाइंग बोट नूमेआहून ऑकलंडच्या वाटेवर होती. कॅप्टन रॉबर्ट फोर्ड आणि त्यांचे सहकारी १ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी त्यांना रेडिओवर, हवेतच कळली. आलेल्या वाटेने परत जाणे आता शक्य नव्हते. ऑकलंडला आठवडाभर थांबल्यावर हुकूम आला: पश्चिमेच्या बाजूने जा आणि विमान न्यूयॉर्कला पोचवा. ऑस्ट्रेलिया, जावा, सिलोन, हिंदुस्थान, अरबस्तान, आफ्रिका आणि ब्राझील ओलांडून ६ जानेवारी १९४२ रोजी ही उडती नौका न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया बंदरात उतरली. एकूण प्रवास झाला सुमारे ३१,५०० मैलांचा. त्यातला बराचसा भाग असा होता, की तिथे या कंपनीचे विमान त्याआधी कधी गेलेच नव्हते.

घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्यांनी हा प्रवास एकदा तरी करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. पण एक अट आहे. नकाशावर रेघ ओढली, ऑटोपायलट लावला आणि पडद्यावरचे छोटे विमान त्या रेघेवरून सरकताना पाहिले, तर हातात रेघेपलीकडे काही येत नाही. फोर्ड यांच्या प्रवासाचे मर्म त्यांच्याकडे काय नव्हते यात आहे. नकाशे नव्हते, भरवशाचे पेट्रोल नव्हते, पुढच्या मुक्कामी कोण भेटेल याची माहिती नव्हती आणि रेडिओवर बोलायची मुभा नव्हती. या अडचणी तुम्ही स्वतःवर घालून घेतल्या, तरच तो प्रवास पुन्हा घडला असे म्हणता येईल. पुढचे सगळे मार्गदर्शन याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी विमान. पॅसिफिक क्लिपर ही बोइंग ३१४ ची सुधारलेली ‘ए’ आवृत्ती होती. पंखांची लांबी १५२ फूट, राइट कंपनीची प्रत्येकी १,६०० अश्वशक्तीची चार इंजिने आणि ५,४४८ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २०,६०० लिटर पेट्रोलची सोय. पंख इतके जाड होते, की उड्डाण चालू असताना अभियंता आतल्या बोळातून सरपटत इंजिनाच्या मागे जाऊ शकत असे. तुमच्या सिम्युलेटरसाठी या विमानाचे चांगले मॉडेल मिळत असेल, तर पैसे खर्चूनही घ्यावे. नसेल तर कॅटलिना घ्या. ती दोन इंजिनांची आणि संथ आहे, पण त्याच काळातली आहे आणि लांब पल्ल्याची आहे. ग्रुमन गूज दिसायला देखणे असले तरी त्याची टाकी या प्रवासाला पुरणार नाही. सरावासाठी मात्र त्याच्यासारखे विमान नाही. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, एक्स-प्लेन किंवा फुकट मिळणारा फ्लाइटगिअर, यांपैकी काहीही चालेल. या कामात चित्राच्या सुबकतेपेक्षा तारीख, वेळ, वारा आणि तापमान स्वतः ठरवता येणे महत्त्वाचे, आणि ते तिन्हींत जमते.

वेगाचा हिशेब करताना जाहिरातीतले आकडे धरू नका. या प्रवासातला सर्वात लांब टप्पा, काँगोतल्या लिओपोल्डव्हिलपासून ब्राझीलमधल्या नातालपर्यंतचा, ३,५८३ मैलांचा होता आणि त्याला २३ तास ३५ मिनिटे लागली. म्हणजे ताशी सरासरी १५२ मैल, सुमारे १३२ नॉट. हाच वेग सर्व टप्प्यांना धरून आखणी करा. त्याहून जोरात उडालात तर वेळही चुकेल आणि पेट्रोलही.

मार्ग आखायला लिटल नॅव्हमॅप हा विनामूल्य प्रोग्राम उत्तम आहे. पण त्याचा उपयोग उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतरच करा. विमान हवेत असताना तो बंद ठेवा. ऑकलंडमध्ये अडकलेल्या क्लिपरच्या मंडळींनी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन भूगोलाची पुस्तके आणि नकाशासंग्रह धुंडाळले होते. त्यांवरून त्यांनी पुढच्या बंदरांचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले. तुमच्या घरात मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह असेलच. ऑकलंडनंतर तोच वापरा. कोऱ्या कागदावर अक्षांश-रेखांशांची जाळी आखा, किनाऱ्याची ढोबळ रेषा काढा आणि त्यावर आपला मार्ग मांडा. या कामाला एक संध्याकाळ जाते, पण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो कागद कामी येतो.

नियम दोन भागांत ठेवावेत. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, होनोलुलू, कँटन बेट, सुवा, नूमेआ, ऑकलंड हा जातानाचा मार्ग कंपनीचा नेहमीचा होता. तिथे दिशाशोधक रेडिओ केंद्रे होती. त्यामुळे या भागात रेडिओ होकायंत्र वापरायला हरकत नाही. कँटन हे प्रवाळबेट नुसत्या डोळ्यांनी सापडणे कठीण. सिममध्ये तिथे बीकन नसेल, तर शंभर मैलांच्या आत आल्यावर एकदा नकाशा उघडून दिशा पाहून घ्या. त्या काळी केंद्राकडून मिळणाऱ्या दिशेच्या जागी ती धरा. ऑकलंड सोडल्यावर मात्र जीपीएस, नकाशा, विमानाचे नाव दाखवणाऱ्या पाट्या, कंट्रोल टॉवरशी संभाषण, सगळे बंद. हाती उरतात ते होकायंत्र, घड्याळ, वेगमापक, उंचीमापक आणि खिडकी.

पाण्यावरचे विमान

धावपट्टीवर वाढलेल्या सिम-वैमानिकाची पहिली फजिती पाण्यावर होते. फ्लाइंग बोटीला ब्रेक नसतात. इंजिन सुरू झाले की ती चालायलाच लागते. म्हणून आधी पुढची जागा मोकळी आहे का ते पाहा आणि मगच इंजिन सुरू करा. वळायचे ते बाहेरच्या इंजिनांच्या जोरावर: डावीकडे जायचे तर उजवे बाहेरचे इंजिन थोडे वाढवा. त्यासाठी चारही थ्रॉटल वेगवेगळे हलतील अशी जोडणी करून घेणे फार गरजेचे आहे. एकच थ्रॉटल असेल, तर कीबोर्डवरून इंजिन निवडण्याची सोय लावून घ्या.

उड्डाणाचे खरे तंत्र विमानाच्या पोटाखालच्या पायरीत आहे. बोटीचा तळ मध्यावर एकदम कापल्यासारखा वर उचललेला असतो. सुरुवातीला विमान पाणी नांगरत जाते, नाक वर येते, समोरचे काही दिसत नाही. या वेळी स्टिक मागे धरा. वेग वाढला की तळ पाण्याच्या वर येतो, नाक आपोआप खाली बसते आणि विमान त्या पायरीवर घसरू लागते. आता स्टिक हळूच मध्यावर आणा. इथे घाई करून नाक फार खाली दाबले किंवा फार वर ओढले, तर विमान डुलायला लागते आणि प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा मोठा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या डोलाला थ्रॉटल मागे घेऊन थांबावे, हेच शहाणपण. पाणी अगदी आरशासारखे शांत असेल, तर तळ पाण्याला चिकटून राहतो. थोड्या लाटा असलेले पाणी उड्डाणाला सोपे.

उतरतानाही आरशासारखे पाणीच धोक्याचे, कारण उंचीचा अंदाज येत नाही. तेव्हा किनाऱ्याला समांतर या, म्हणजे डोळ्याला आधार मिळतो. इंजिनाची थोडी ताकद चालू ठेवून मिनिटाला दीडशे-दोनशे फुटांनी खाली येत राहा, नाक किंचित वर ठेवा आणि पाणी स्वतःहून तळाला लागेपर्यंत काही बदलू नका.

या सरावासाठी आपल्याकडचाच एक मार्ग आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेजच्या शॉर्ट एम्पायर फ्लाइंग बोटी कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे थांबे घेत कलकत्त्याला हुगळीत उतरत. टप्पे लहान आहेत, पाणी कुठे तलावाचे तर कुठे नदीचे. दोन-तीन शनिवार-रविवार या मार्गावर घालवले, तर मोठ्या प्रवासात पाण्यावरून उठताना हात थरथरणार नाहीत.

मोठा टप्पा: सुराबाया ते त्रिंकोमाली

ऑकलंडहून क्लिपर आधी नूमेआला परतली, कारण तिथल्या कंपनीच्या माणसांना बाहेर काढायचे होते. मग ऑस्ट्रेलियातले ग्लॅडस्टोन, मग डार्विन. डार्विनचा डिसेंबर म्हणजे पावसाळा, म्हणून हवामानात गडगडाटी ढग ठेवा. पुढे जावातल्या सुराबायाला पोचताना डच लढाऊ विमानांनी त्यांना घेरले. हे विमान कुणाचे, हेच डच वैमानिकांना कळत नव्हते. शेवटी क्लिपर जिथे उतरली, तो पाणसुरुंगांचा भाग निघाला. सिममध्ये सुराबाया आणि मदुरा बेट यांच्यामध्ये आज एक लांबलचक पूल दिसेल. तो २००९ मध्ये खुला झालेला आहे. तो हटवता येत नसेल, तर त्याच्यापासून दूरचे पाणी निवडा.

सुराबायाला विमानाचे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल पुरेसे मिळाले नाही. मोटारीचे पेट्रोल भरावे लागले. कमी ऑक्टेनचे पेट्रोल जास्त दाबाखाली वेळेआधीच पेटते, इंजिन ठोके देते, तापते आणि सिलिंडर फुटू शकतो. फोर्ड यांनी उरलेले चांगले पेट्रोल उड्डाणासाठी राखले आणि उंची गाठल्यावर मोटारीच्या पेट्रोलवर टाकी बदलली. इंजिने फटफट करू लागली, पण चालत राहिली. बहुतेक सिम्युलेटर पेट्रोलचा दर्जा मोजत नाहीत, म्हणून हा नियम स्वतः पाळायचा: या टप्प्यावर पूर्ण ताकद फक्त पाण्यावरून उठताना, नंतर मॅनिफोल्ड दाब नेहमीच्या क्रूझपेक्षा बराच खाली आणि मिश्रण थोडे गडद. वेग घटेल, पेट्रोलचा हिशेब पुन्हा करावा लागेल. तो करा.

सरळ रेघेने हा टप्पा सुमारे २,१०० समुद्री मैलांचा आहे, पण ती रेघ सुमात्रावरून जाते आणि त्या दिवसांत मलायात युद्ध पेटलेले होते. म्हणून जावाच्या कडेने सुंदा सामुद्रधुनीपर्यंत जा आणि तिथून हिंदी महासागरात शिरा. सामुद्रधुनी ही तुमची शेवटची पक्की खूण. तिथे घड्याळाची वेळ लिहा, कागदावर फुली मारा आणि दर तासाला दिशा, वेग आणि वेळ यांच्यावरून पुढची फुली मारत जा. एक अंशाची चूक साठ मैलांवर एक मैलाने दूर नेते, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. सुंदापासून सिलोन जवळजवळ १,७०० समुद्री मैल दूर. दोन अंश चुकलात तर पन्नासहून जास्त मैल बाजूला पडाल.

त्यावर एक उपाय आहे आणि तो मला या सगळ्या खटाटोपातला सर्वात सुंदर भाग वाटतो. नेमके त्रिंकोमालीवर नेम धरू नका. मुद्दाम साठेक मैल दक्षिणेला, बट्टिकलोआच्या किनाऱ्यावर नेम धरा. किनारा दिसला की तो कुठला, हा प्रश्न पडत नाही. उजवीकडे वळायचे हे आधीच ठरलेले असते. डिसेंबरमध्ये विषुववृत्ताच्या उत्तरेला ईशान्येचा वारा असतो. तो तुम्हाला आणखी डावीकडे लोटेल. म्हणून उत्तर गोलार्धात शिरल्यावर काही अंश उजवीकडे झुकते माप ठेवा.

हा टप्पा दुपारनंतर सुरू करावा, म्हणजे मधली रात्र ताऱ्यांची मिळते आणि किनारा उजेडात येतो. स्टेलॅरियम या विनामूल्य तारांगणात १९४१ ची तारीख घालून पाहा. त्या महिन्यात १८ डिसेंबरच्या सुमारास अमावास्या होती, त्यामुळे आकाश काळेभोर असते. विषुववृत्त ओलांडेपर्यंत ध्रुवतारा क्षितिजाखाली राहतो. मग तो वर येतो, आणि त्याची उंची म्हणजेच जवळजवळ तुमचा अक्षांश. त्रिंकोमालीला तो साडेआठ अंशांवर असतो. तासन्‌तास निव्वळ पाणी पाहिल्यावर क्षितिजालगत तो तारा दिसला की अंगावर काटा येतो, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

सिलोनजवळ फोर्ड जमीन शोधण्यासाठी ढगांखाली उतरले, तर खाली एक जपानी पाणबुडी पृष्ठभागावर आलेली. तिच्यावरची माणसे तोफेकडे धावली आणि क्लिपर पुन्हा ढगात शिरली. ढगांचा तळ हजार फुटांच्या आत ठेवून ही उतरणी करून पाहा. उंचीमापकावर किती कमी भरवसा ठेवता येतो ते कळेल.

सह्याद्रीवरून

२४ डिसेंबरला त्रिंकोमालीहून उठल्यावर तीन नंबरचे इंजिन बिघडले, तेल वाहू लागले आणि क्लिपरला परतावे लागले. दुरुस्ती होऊन ती २६ तारखेला कराचीकडे निघाली. याचा सराव अवश्य करा: पूर्ण भार घेऊन उठा, अर्ध्या तासाने तीन नंबरचे, म्हणजे उजवीकडचे आतले, इंजिन मिश्रण तोडून बंद करा आणि जड विमान तीन इंजिनांवर बंदरात परत आणा. त्यानंतरच २६ तारखेचे उड्डाण.

मराठी वाचकाने हा टप्पा वगळू नये. त्रिंकोमाली ते कराची ही सर्वात जवळची रेघ सुमारे १,२७५ समुद्री मैलांची आहे. ती पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तंजावरजवळून जाते, बंगळूरवरून पुढे सरकते, कोल्हापूर आणि सांगली यांच्या मधून जाते, पाटणच्या बाजूने सह्याद्री ओलांडते आणि मुरूड-रेवदंड्याच्या आसपास समुद्रावर निघते. मुंबई उजव्या हाताला अगदी जवळ राहते. मग सौराष्ट्र, कच्छ आणि कराची.

जमिनीवरून जाणारी फ्लाइंग बोट ही अडचणीत सापडलेली बोट असते. खाली पाणी नाही. म्हणून निघण्याआधी वाटेतल्या तलावांची यादी करा, आणि ती १९४१ ची करा. सिममध्ये दिसणारा कोयनेचा शिवसागर तेव्हा नव्हता; ते धरण १९६० च्या दशकातले. तुंगभद्रेचे धरणही स्वातंत्र्यानंतरचे. मेट्टूर, म्हैसूरजवळचा कृष्णराजसागर, भाटघर आणि मुळशी मात्र तेव्हा होते. मुळशीच्या ज्या धरणाविरुद्ध विसाच्या दशकात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी तोवर साठलेले होते. इंजिन बंद पडले तर यांपैकी कुठे पोचता येईल, हे दर अर्ध्या तासाला कागदावर ठरवत जा. आठ हजार फूट उंची पुरेशी आहे. डिसेंबरातली दख्खनची हवा कोरडी असते, सकाळी धुरकट. दृश्यमानता फार स्वच्छ ठेवू नका.

कराचीनंतर बहारीनला पुन्हा मोटारीचे पेट्रोल. मग अरबस्तानावरून खार्तूम, नाईलचे पाणी, आणि तिथून काँगो नदी. हे टप्पे वेळेची गती चौपट करून पार केले तरी चालेल. सुराबाया-त्रिंकोमाली, त्रिंकोमाली-कराची आणि अटलांटिक या तीन टप्प्यांना मात्र घड्याळ खऱ्या वेगानेच चालू द्या. त्यांतली लांबी हाच त्यांचा अर्थ आहे.

लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, इथले उड्डाण सर्वात कठीण. टाक्या काठोकाठ भरलेल्या, हवा तापलेली, वारा नाही. प्रवाहाच्या दिशेने जावे लागले आणि समोर लिव्हिंगस्टन धबधब्यांचे खळाळते पाणी. सिममध्ये नदीचा प्रवाह बहुधा नसतो, पण तापमान ३८ अंश, वारा शून्य आणि भार पूर्ण ठेवला की विमान पायरीवर यायला किती पाणी खाते ते दिसते. पहिल्याच प्रयत्नात ते उठले, तर भार नीट भरलेला नाही असे समजा आणि आकडे तपासा. पुढची अटलांटिकवरची रात्र चांदण्याची ठेवा. २ जानेवारी १९४२ ला पौर्णिमा होती.

नाताल, पोर्ट ऑफ स्पेन आणि न्यूयॉर्क. शेवटच्या मुक्कामी अंधारात उतरायची परवानगी नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत घिरट्या घाला. तेवढे पेट्रोल राखून ठेवलेले असायला हवे.

सगळा प्रवास करायला सवड नसेल, तर निदान एक टप्पा करा, आणि तो त्रिंकोमाली-कराचीचाच करा. येत्या २६ डिसेंबरला घड्याळ पहाटे सहावर लावून निघा. १३२ नॉटने गेलात तर अकराच्या सुमारास खाली पंचगंगा आणि कृष्णेचा प्रदेश येईल, आणि चारच्या आत कराचीची खाडी. नकाशा मात्र बंदच ठेवा.